विम्याचा पैसा आणि मनाचे वैद्य



मुलुंडच्या पुढचें स्टेशन ठाणें. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ह्या बाजूच्या कुटुंबांत एकाद्याचें वागणें विचित्र होऊं लागलें कीं, “ह्याला ठाण्याला न्या” असें म्हणण्याची रीत आहे. थट्टेंतहि तसेंच म्हणतात आणि रागांतहि. १९०१ सालीं तेथें मनोरुग्णालय निघालें आणि एका चांगल्या गांवाच्या नांवाला हा दुसरा अर्थ कायमचा चिकटला. पुण्याकडचे लोक येरवड्याचें नांव घेतात, इतकाच फरक. ह्या बोलण्यांत वैद्याचा उल्लेख नसतो, हें माझ्या लक्षांत फार उशिरां आलें. मन बिघडलेल्या माणसाला कोठें नेऊन ठेवावयाचें, एवढाच प्रश्न आपल्याला सुचतो. त्याला तपासणार कोण, त्याच्याशीं बोलणार कोण, औषध नेमानें चालू आहे कीं नाहीं हें घरीं येऊन पाहणार कोण, हे प्रश्न सुचत नाहींत. आणि नवल असें कीं, आपल्या देशांतील सार्वजनिक आरोग्यविम्याची दृष्टिहि बहुतांशीं अशीच आहे. तो खाटेचे पैसे देतो. विम्याचा पैसा ज्या वाटेनें वाहतो त्या वाटेच्या कांठीं मनाचे वैद्य कसे उगवतात, आणि कोठें मुळींच उगवत नाहींत, हें आज आपल्याला सांगावयाचें आहे.

मी वैद्य नाहीं, विम्याचा अधिकारीहि नाहीं. जन्मभर शाळेंत शिकविलें. परंतु उपनगरांतील चाळींत राहणाऱ्या मास्तराकडे शेजारीपाजारी अर्ज लिहून घेण्यास येतात, आणि अर्ज लिहावयाचा तर नियम वाचावे लागतात. ह्या विषयाशीं माझी ओळख झाली ती अशी.

आपल्याकडील सार्वजनिक आरोग्यविम्याचा आरंभ एका प्राध्यापकाच्या अहवालापासून झाला. मार्च १९४३ मध्यें त्या वेळच्या सरकारनें प्रा. बी. पी. आडारकर ह्यांना कारखान्यांतील कामगारांसाठीं आरोग्यविम्याची योजना आंखण्यास सांगितलें, आणि ऑगस्ट १९४४ मध्यें त्यांनीं ती सादर केली. त्याच सुमारास भोर समिति साऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करीत होती. तिचा अहवाल १९४६ सालचा. त्यांत मनोरुग्णालयांचें जें चित्र आहे तें वाचून आजहि मन खिन्न होतें. साऱ्या देशांत सुमारें १०,००० खाटा, म्हणजे ४०,००० लोकांमागें एक. इंग्लंडांत त्याच वेळीं सुमारें ३०० लोकांमागें एक होती. आडारकरांच्या योजनेंतून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें त्याचा अंमल सुरू झाला, आणि १९५४ मध्यें ती योजना मुंबईला आली. हा जुना कायदा आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली आहे. कामगाराच्या दृष्टीनें मात्र ती ‘ई. एस. आय.’च राहिली आहे. पगारांतून कांहीं कापून जातें आणि त्याबद्दल एक कार्ड मिळतें, इतकें त्याला पक्कें ठाऊक असतें.

१९५४ हें वर्ष जरा लक्षांत ठेवावें. त्याच वर्षीं बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, जी पुढें १९७४ मध्यें ‘निम्हान्स’ झाली. मनाचे वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ ह्यांना तेथें रीतसर शिक्षण मिळूं लागलें. आणि त्याच वर्षीं टाटा समाजविज्ञान संस्था देवनारच्या जागेंत राहावयास आली. १९३६ सालीं निघालेल्या ह्या संस्थेनें १९३७ मध्यें मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठीं चिकित्सालय उघडलें होतें, आणि रुग्णालयांत व मनोरुग्णांत काम करणारे समाजसेवक तयार करण्याचा अभ्यासक्रम १९४८ पासून चालविला होता. म्हणजे पैसा, वैद्य आणि समाजसेवक हीं तिन्हीं एकाच वर्षीं आपापल्या जागीं उभीं होतीं, आणि त्यांतील दोन तर ह्याच शहरांत. तरी त्यांची गांठ पडली नाहीं.

कां पडली नाहीं, ह्याचें उत्तर पैसे देण्याच्या रीतींत आहे. मुंबईंत कामगार विम्यानें ‘पॅनेल’ची पद्धति स्वीकारली. हा शब्द इंग्लंडांतील १९११ च्या विमा कायद्याबरोबर रूढ झालेला. गल्लींतल्याच खाजगी डॉक्टरच्या नांवावर ठराविक कामगार लावून द्यावयाचे आणि त्याला दर माणशीं वर्षाची ठराविक रक्कम द्यावयाची, अशी ती व्यवस्था. रोगी वर्षांत एकदां येवो कीं वीसदां येवो, रक्कम तीच. ह्या पद्धतीचे गुण आहेत, आणि ते लहान नाहींत: डॉक्टर घराजवळचा असतो, ओळखीचा असतो, आणि रोग वाढवून पैसे उकळण्याचा मोह त्याला होत नाहीं. परंतु खोकल्याला दोन मिनिटें पुरतात. “झोंप लागत नाहीं, कामावर जावेंसें वाटत नाहीं, कोणीतरी मागें बोलतें आहे असें वाटतें” असें सांगणाऱ्या माणसाला अर्धा तास द्यावा लागतो, आणि त्या अर्ध्या तासाचा मोबदला शून्य. बाहेर बांकावर दहा माणसें खोकत बसलेलीं असतां तो अर्धा तास कोण काढणार? मी डॉक्टरला दोष देत नाहीं. शाळेंत साठ मुलांच्या वर्गाला शिकविणाऱ्या मास्तराकडून मागच्या बांकावरील गप्प मुलाकडे दुर्लक्ष होतें, तसेंच हें आहे.

आणि त्या पॅनेलवर बसण्याचा अधिकार केवळ डॉक्टरचा. मानसशास्त्रज्ञाला किंवा समाजसेविकेला तेथें जागाच नव्हती. देवनारहून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनीं मोठ्या रुग्णालयांत, संस्थांत, पुढें परदेशांतहि नोकऱ्या धरल्या. साकीनाक्याच्या किंवा भांडुपच्या कामगाराच्या दारापर्यंत त्यांना आणून सोडणारा पैसा विम्यानें निर्माण केला नाहीं.

ह्याच विम्याची एक बाजू मात्र मला फार मोलाची वाटते, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. आजारी कामगाराला वर्षांत ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, हें बहुतेकांना माहीत असतें. परंतु दीर्घकालीन अशा ३४ आजारांची एक यादी आहे, आणि त्यांपैकीं आजार जडल्यास ८० टक्के रक्कम, सर्व मिळून दोन वर्षांपर्यंत चालू राहूं शकते. ह्या यादींत क्षय आहे, कर्करोग आहे, आणि मनाचे आजारहि आहेत: छिन्नमनस्कता, उन्माद आणि विषण्णता आळीपाळीनें येण्याचा विकार, आंतून उद्भवणारी तीव्र विषण्णता, आणि स्मृतिभ्रंश. अट एवढी कीं, नोकरी सलग दोन वर्षांची असावी आणि त्या मुदतींत निदान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. आजारपणाचा हा लाभ घेत असलेल्या कामगाराला कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मूळ कायद्याच्या ७३ व्या कलमानें मनाई केली होती. ज्या समाजांत वेडसर ठरलेल्या माणसाला घरचेहि टाकून देतात, तेथें क्षयाच्या ओळींत छिन्नमनस्कतेला बसविणारा हा नियम कोणी लिहिला असेल त्याला मी मनोमन नमस्कार करतों.

आतां ह्या चांगल्या नियमाचा वैद्यांवर काय परिणाम होतो तें पाहा. लाभ मिळावयाचा तर दाखला पाहिजे, आणि दाखला तज्ज्ञाचा पाहिजे. विमा रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञाच्या दिवसाचा मोठा हिस्सा त्यामुळें कागदावर जातो. आमच्या शेजारच्या एका बाई आपल्या मुलाचे कागद घेऊन माझ्याकडे येत असत. मुलगा अंधेरीकडील एका कारखान्यांत यंत्रावर होता. तिशीच्या आंतच त्याला भास होऊं लागले. औषधानें तो सुधारला, हें आवर्जून सांगितलें पाहिजे; वर्षाच्या आंत तो पुन्हां कामावर गेला. त्या काळांत बाईंच्या दर महिन्याच्या खेपा ठरलेल्या असत: रांग, दाखला, शिक्का, पुन्हां रांग. डॉक्टर भले होते, पण त्यांच्यापुढें गर्दी असे. एकदां बाई मला म्हणाल्या, “मास्तर, कागद झाले. पण ह्याच्याशीं बोलणार कोण? हा मला विचारतो, मी बरा होईन का, लग्न करूं का. मीं काय सांगावें?” ह्या प्रश्नाचें उत्तर देणारा मनुष्य जगांत शिकून तयार होतो, त्याला पगार देऊन नेमतां येतें, हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर विम्याच्या दरपत्रकालाहि तें ठाऊक नव्हतें.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. मुलगा चांगलें काम करूं लागला, त्याला बढती मिळाली, आणि पगार २१,००० रुपयांच्या वर गेला. कामगार विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून एवढी ठरविलेली होती. मर्यादा ओलांडली तरी चालू सहामाहीची वर्गणी भरली जाते, तिला जोडलेला लाभाचा काल मिळतो, आणि मग कार्ड थांबतें. घरांत पेढे वांटले त्याच बढतीनें त्याचें औषध थांबविलें. आतां राज्याची मोठी योजना आहे ना, असें आपण म्हणाल. आहे. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई शहर व उपनगर हे दोन्हीं होते. २०१७ मध्यें तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव मिळालें. पुढें केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशीं तिची सांगड घातली गेली. आणि १ जुलै २०२४ पासून राज्यांतील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण मिळालें. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु ही योजना मूलतः रुग्णालयांत दाखल झालेल्या माणसासाठीं. महिन्याला एकदां तपासून घेऊन, चिठ्ठी घेऊन, औषध विकत आणून कामावर जाणारा माणूस तिच्या हिशेबांत बसत नाहीं. तो औषध सोडून पुन्हां अंथरुणाला खिळण्याइतका आजारी झाला, म्हणजे योजना त्याला ओळखते. ह्या कुटुंबानें शेवटीं महानगरपालिकेच्या रुग्णालयाचा केसपेपर काढला. विमा नसलेल्या, आणि विमा असूनहि उपयोग नसलेल्या उपनगरवासीयांचा आधार तोच आहे: पश्चिमेला कूपर, पूर्वेला घाटकोपरचें राजावाडी. तो विम्याच्या पैशावर चालत नाहीं, करावर चालतो.

दाखल होणाऱ्यांसाठीं केंद्राच्या योजनेंत मानसिक आजार अवश्य आहेत. दर दिवसाला एक ठराविक रक्कम रुग्णालयाला मिळते आणि तींत खाट, परिचारिका, डॉक्टर, औषध, जेवण सर्व आलें. मानसशास्त्रज्ञाच्या बैठकीचा किंवा समाजसेविकेच्या गृहभेटीचा वेगळा आंकडा तींत नाहीं. तेव्हां रुग्णालयाचा व्यवस्थापक काय करील? एक मानसशास्त्रज्ञ नेमला तर खर्च वाढतो, उत्पन्न तेवढेंच राहतें. एक खाट वाढविली तर उत्पन्न वाढतें. तो दुष्ट नसला तरी खाटच वाढवील. ज्या कामाचा दर लिहिलेला नाहीं त्या कामाची जागा निर्माण होत नाहीं, आणि जागा नाहीं त्या कामाचें शिक्षण घेण्यास हुशार मुलगा किंवा मुलगी पुढें येत नाहीं. आली तर अंधेरी पश्चिमेला किंवा बोरिवलीला खाजगी खोली घेऊन बसते, आणि तिची फी देणाऱ्या कुटुंबांनाच ती भेटते. तीहि बिचारी काय करणार?

खाटांची तर आपल्याकडे अगदींच वाण नाहीं. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ह्या चार सरकारी मनोरुग्णालयांना मिळून साडेपांच हजारांच्या वर खाटा मंजूर आहेत, त्यांत एकट्या ठाण्याच्या १,८५०. वाण आहे ती माणसांची. देशांत दर लाख लोकांमागें पाऊण मनोविकारतज्ज्ञ पडतो, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबई उपनगर जिल्ह्याची वस्ती ९३ लाख ५६ हजारांवर होती. ह्या हिशेबानें तिच्या वांट्याला सुमारें ७० तज्ज्ञ येतील. २०१५-१६ मध्यें निम्हान्सनें जी राष्ट्रीय पाहणी केली तींत असें दिसलें कीं, प्रौढांपैकीं १०.६ टक्के लोकांना त्या वेळीं कोणता ना कोणता मनाचा आजार होता, आणि आजाराच्या प्रकाराप्रमाणें शेंकडा ७० ते ९२ जणांना उपचार मिळत नव्हता. बारा राज्यांच्या ह्या पाहणींत महाराष्ट्र नव्हता. आपली स्थिति फार निराळी असेल असें समजण्यास मला तरी कांहीं कारण दिसत नाहीं.

परदेशांत काय झालें? जर्मनींत बिस्मार्कच्या वेळेपासून, म्हणजे १८८३ पासून, आजारपणाचा सक्तीचा विमा आहे. १९६७ पासून मानसोपचाराचा खर्च तो देऊं लागला, परंतु पैसे मिळावयाचे ते डॉक्टरला. मानसशास्त्रज्ञानें डॉक्टरच्या हाताखालीं काम करावयाचें. १ जानेवारी १९९९ पासून नव्या कायद्यानें मानसशास्त्रज्ञाला स्वतःच्या नांवानें विम्याकडे बिल पाठविण्याचा अधिकार मिळाला, आणि पाहतां पाहतां तो एक मोठा, प्रतिष्ठित व्यवसाय झाला. एका ओळीच्या बदलानें काय होतें पाहा! ह्यांतहि एक मेख राहिली. कोणत्या भागांत किती जागा असाव्यात हें ठरवितांना त्या वर्षीं जेथें जितके लोक होते तोच माप धरला, म्हणून जेथें आधींच पुष्कळ होते तेथें पुष्कळ राहिले, आणि खेड्यापाड्यांत थोडे ते थोडेच.

ऑस्ट्रेलियानें नोव्हेंबर २००६ पासून आपल्या सरकारी विम्यांत मानसशास्त्रज्ञाच्या बैठकी घेतल्या. मागणी अंदाजाच्या पलीकडे गेली, हजारों लोकांना प्रथमच उपचार मिळाला. परंतु सुखवस्तु वस्त्यांनीं त्याचा लाभ अधिक घेतला अशी टीकाहि झाली. अमेरिकेची गोष्ट उलट्या अंगाची आहे. गरिबांसाठीं १९६५ मध्यें निघालेल्या मेडिकेड ह्या योजनेनें ठरविलें कीं, मोठ्या मनोरुग्णालयांत ठेवलेल्या प्रौढांसाठीं आपण पैसे द्यावयाचे नाहींत. हेतु चांगला होता, माणसांना कोंडून ठेवूं नये असा. परंतु बाहेरच्या उपचाराचा दर इतका अल्प कीं, पुष्कळ मनोविकारतज्ज्ञ त्या योजनेचे रोगी घेतच नाहींत. म्हणजे खाटहि गेली आणि वैद्यहि आला नाहीं. आपल्याकडे खाटेला पैसे आहेत, बाहेरच्या उपचाराला नाहींत. त्यांच्याकडे त्याच्या उलट, आणि दर तुटपुंजा. दोन्हींकडे रस्त्यावर भटकणारा रोगी मात्र सारखाच दिसतो.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, विमा कंपन्यांना बजावलें कीं शरीराच्या आजाराप्रमाणेंच मनाच्या आजारालाहि विमा द्या. कंपन्यांनीं किती दिवस टाळाटाळ केली हें, विमा नियामकाला ३१ ऑक्टोबर २०२२ ही अखेरची मुदत द्यावी लागली ह्यावरूनच कळतें. परंतु तेथेंहि बहुतेक विमापत्रें दाखल होण्याचीच अट घालतात. समान वागणूक मिळाली खरी. पण ती मिळाली खाटेवर पडल्यावर.

माझें मागणें लहान आहे. राज्याच्या योजनेच्या दरपत्रकांत दोन ओळी वाढवाव्यात: मानसशास्त्रज्ञाच्या बैठकीची एक, आणि समाजसेविकेच्या गृहभेटीची एक, आणि बाहेरून औषध घेणाऱ्या मनोरुग्णाचें औषध योजनेंत यावें. ह्यावर असा आक्षेप येईल कीं, शस्त्रक्रियेचा टांका दिसतो, बोलण्याचा दिसत नाहीं. खोट्या बैठकींचीं बिलें येतील. येतील. खोट्या शस्त्रक्रियांचीं येत नाहींत काय? त्यासाठीं आपण शस्त्रक्रिया बंद केल्या नाहींत, तपासनीस नेमले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बैठकीला दर लावला तर नवे लोक ऑस्ट्रेलियाप्रमाणें सुखवस्तु भागांतच जमतील. म्हणून जर्मनीची चूक टाळून दर वस्तीप्रमाणें ठरवावा. मानखुर्द-गोवंडीला किंवा भांडुपच्या टेकडीवर जाऊन बसणाऱ्यास अधिक, जुहूला बसणाऱ्यास कमी. पॅनेलच्या डॉक्टरलाहि मनोरुग्णाच्या अर्ध्या तासाचे पैसे माणशीं रकमेच्या वर निराळे द्यावेत. तो गल्लींतला आहे, त्याच्याकडे जाण्यास कोणाला लाज वाटत नाहीं. ही त्याची सोय पंचतारांकित रुग्णालयालाहि साधणार नाहीं.

तोंपर्यंत घरांत कोणी आजारी असेल त्यांनीं काय करावें, असें मला विचारतात. पगारपत्रक पाहावें. त्यांत ई. एस. आय.ची कपात असेल तर तज्ज्ञाचा दाखला घेऊन दीर्घ आजाराच्या लाभाचा अर्ज शाखा कार्यालयांत द्यावा, आणि दाखल्याच्या प्रती जपून ठेवाव्यात. कपात नसेल तर पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाचा वार विचारून केसपेपर काढावा. रात्रींबेरात्रीं कोणाचा तोल जाऊं लागला तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, त्याला पैसे पडत नाहींत आणि मराठींत बोलतां येतें. समोर बोलणारा समुपदेशक सरकारी तिजोरींतून पगार घेतो, तेव्हां कार्ड आहे काय, पगार किती, दाखल केलें होतें काय, ह्यांपैकीं कांहीं तो विचारीत नाहीं.